चुन्याच्या रेघेपलीकडचा गाळ

मी लिहिणारा माणूस नाही. शेती करतो. घरचा ट्रॅक्टर आहे. जेवण झालं की फोनवर अशा पानांवरच्या गोष्टी वाचतो आणि त्यातल्या निम्म्या मला खोट्या वाटतात.

माझी तुम्हाला खोटी वाटली तरी माझी तक्रार नाही. मला फक्त ती एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकायची आहे. घरात ती पूर्ण सांगता येत नाही.

ठिकाण वर्धा जिल्हा. देवळीपासून चौदा-पंधरा किलोमीटर. गावाचं आणि धरणाचं नाव लिहीत नाही, कारण यातली माणसं तिथेच राहतात. मीही तिथेच राहतो.

दोन वर्षांपूर्वीचा मे ते जुलै.

आणि हो, यात रात्र कुठेच नाही. जे झालं ते सगळं भर दुपारी झालं.

त्या वर्षी धरण पार आटलं होतं. मधोमध डबक्याएवढं पाणी, बाकी सगळा भेगाळलेला गाळ. शेतकऱ्यांनी तो गाळ आपापल्या शेतात नेऊन टाकावा, अशी परवानगी मिळाली होती. रोज सकाळपासून जेसीबी आणि ट्रॅक्टरांची रांग लागायची.

पाणी उतरलं तसं जुनं गाव वर आलं.

धरण झालं तेव्हा अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते गाव उठवलं होतं. तिथली माणसं आता वरच्या माळावर राहतात. त्या वस्तीला सगळे 'पुनर्वसन' असंच म्हणतात. खाली उरली होती घरांची जोती, एक बुजवलेली विहीर आणि चिंचेचं काळं पडलेलं खोड.

पुनर्वसनच्या लोकांनी त्या जागेभोवती चुन्याची रेघ मारली होती. म्हणणं एवढंच, की रेघेच्या आत कुणी खोदू नका. तिथे आमची घरं आहेत.

सगळ्यांनी ते पाळलं.

मी पाळलं नाही.

खरं सांगतो, हाव सुटली. बाहेरचा चांगला गाळ संपत आला होता. रेघेच्या आत मात्र कंबरभर थर होता... काळा, लोण्यासारखा. आणि माझ्या शेताचा पूर्वेकडचा कोपरा म्हणजे नुसता मुरूम. तिथे गवतसुद्धा नीट येत नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला बाकीचे जेवायला गेले. जेसीबीवर नालवाडीचा राकेश होता. त्याला मी रेघेच्या आत मशीन घ्यायला सांगितलं.

"अंकुशभाऊ, इथं रेघ हाय ना."

"पुसली म्हनून समज. कोन पाह्यते?"

"मंग मागून मले नाव नोका ठेवू."

त्याने बकेट खाली टाकली. गाळाबरोबर एका जोत्याचे दगडही निघाले. ते बाजूला सारून आम्ही गाळ भरला. चार दिवस, रोज दुपारी, सगळे जेवायला गेले की. एकूण चौदा ट्रॉल्या झाल्या.

शेवटची ट्रॉली भरताना राकेशने मशीन एकदम बंद केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुम्ही खाकरले काय?"

"नाई."

तो खाली उतरला. जेसीबीच्या मागे जाऊन पाहून आला. उन्हाने डोळे दिपत होते. चारी बाजूंनी मैलभर सपाट गाळ. माणूस तर सोडाच, कुत्रंही नव्हतं.

"कानापाशी कोनीतरी खाकरलं, भाऊ. म्हाताऱ्या मानसावानी."

मी हसलो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने मशीन दुसऱ्या धरणावर नेली.

तो सगळा गाळ मी पूर्वेच्या कोपऱ्यात टाकला. एक फूट जाडीचा थर बसला. फावड्याने स्वतः सारखा केला. माझे वडील, वासुदेवराव, त्यांनी मूठभर माती हातात घेऊन चोळली आणि म्हणाले, "आता इथं कपाशी मानसाएवढी होते पाह्य."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक बरा पाऊस पडला. आम्ही सरकी टोबायला, म्हणजे कपाशीचं बी हाताने लावायला, बायका बोलावल्या. त्यांत पुनर्वसनची भागीरथाबाई होती. सत्तरीला आलेली, पण कामाला चोख. ती बौद्ध वस्तीतली. तिचा मुलगा मधुकर देवळीत एका दुकानात कामाला जातो.

बायका ओळीने टोबत पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत आल्या.

भागीरथाबाई थांबली.

खाली वाकून तिने चिमूटभर माती उचलली. नाकाजवळ नेली.

"अंकुश, हे माती कुठची रे बापा?"

"धरनातली," मी म्हणालो. "मधल्या पट्ट्यातली."

तिने माझ्याकडे पाहिलं.

मग तिने पायातल्या चपला काढल्या... बांधावर नीट जोडीने ठेवल्या... आणि अनवाणी त्या गाळात पाय टाकला.

घरात जाताना ठेवतो ना आपण, तशा.

त्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. सतरा दिवस आभाळ कोरडं. पेरलेलं सगळं जमिनीतच राहिलं. आजूबाजूच्या शेतांचीही तीच गत. लोक धरणाच्या कालव्याकडे डोळे लावून बसले, पण धरणातच पाणी नव्हतं तर कालव्यात कुठून येणार?

फक्त माझ्या पूर्वेच्या कोपऱ्यात कपाशी उगवली.

हिरवीगार. आधी मी खूश झालो. फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकले.

मग एक दिवस बांधावर उभं राहून नीट पाहिलं.

गाळ मी चारी अंगाने वेडावाकडा पसरला होता. उगवण मात्र अगदी चौकोनी होती. दोरी लावून आखल्यासारखी. बारा पावलं लांब, आठ पावलं रुंद. आणि धरणाच्या दिशेच्या बाजूला मधोमध... एक मोकळी जागा. तिथे एकही रोप नव्हतं.

दाराएवढी.

मी आत जाऊन माती चाचपली. ओली होती. कोपऱ्यात ना पाइप, ना नाला. माझी विहीर शेताच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिचाही तळ दिसत होता.

दोन दिवसांनी माझी बायको अंकिता डबा घेऊन शेतात आली. आम्ही बांधावर बोलत होतो. बोलता बोलता तिने एकदम डोक्यावर पदर घेतला आणि आवाज खाली केला.

"काय झालं?"

"मामाजी आले ना."

"बाबा? ते कुठं आहेत?"

"आत्ता खाकरले नाई का मागं?"

मी मागे पाहिलं. मागे तो हिरवा चौकोन होता.

बाबा त्या दिवशी डोळे दाखवायला वर्ध्याला गेले होते.

अंकिताला आठवलं. तिने पदर हळूच खाली केला. "मग कोण?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, रस्त्याने कुणी गेलं असेल. रस्ता तिथून बराच लांब आहे, हे तिलाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात भागीरथाबाई न बोलावता शेतात येऊ लागली.

रोज बाराच्या पुढे. हातात छोटा डबा. चौकोनाच्या त्या मोकळ्या जागेपाशी, बाहेरच्या अंगाला, पाय दुमडून बसायची. भाकरीचे दोन वाटे करायची. एक स्वतः खायची. आणि बोलायची.

मी लांबून पाहायचो. तिचं बोलणं बडबडल्यासारखं नव्हतं. ती एक वाक्य बोलायची... मग थांबायची... मान हलवायची... मग पुढचं.

ती थांबायची तेव्हा कुणीतरी बोलत होतं. मला ऐकू येत नव्हतं इतकंच.

पाचव्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. तिच्याजवळ जाऊन बसलो.

"काकू, कोनाशी बोलता?"

"तुले मालूम हाय," ती म्हणाली. "मधल्या पट्ट्यातली माती म्हने. माह्या घरची माती मले वळखू येत नाई काय?"

मला मान वर करता आली नाही. मी सगळं कबूल केलं. रेघ, चौदा ट्रॉल्या, जोत्याचे दगड.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती सांगू लागली.

"आमाले न्याले ट्रक आलता. पावसाचे दिवस. धरनात पहिल्यांदाच पानी आडवलं होतं. सामान चढलं, लेकरं चढले. आमचे हे मांगं राह्यले. लहानू नाव त्याइचं, माह्याहून वयानं लय मोठे. सागवानी दरवाजा होता घराले, त्याइच्या बापानं बसवलेला. नव्या घराले दरवाजा नव्हता. म्हने, काढून आनतो."

तिने पदराने ओठ पुसले.

"घरातून वरडले, 'सारे चढले काय?' मी ट्रकातून म्हटलं, 'हो, चढले सारे, या तुम्ही.' मी 'हो' म्हटलं आन् डायवरनं ट्रक काहाडला. नाल्याले पूर येऊन राह्यलता, त्याले घाई. म्हने, ते मांगून येतीन. मी वरडलो, कोनी आयकलं नाई. त्याच दुपारी पानी चढलं. मंग ते ना सापडले, ना दरवाजा."

कपाशीची पानं हलत होती... वारा पडलेला होता.

"आता काय म्हनते ते?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"तेच इचारते. 'सारे चढले काय?' मी म्हनतो, नाई जी अजून. थांबा जरासक."

"काऊन?"

"चढले म्हटलं त पानी येते, बापा."

मी तिला म्हणालो, काकू, मी ही सगळी माती उचलून परत जुन्या गावात नेऊन टाकतो. होती तिथे.

तिने डबा झाकला.

"दोन पावसात तिथं पुन्हा पानी भरन. पुन्हा बुडवतं काय त्याइले?"

मी माती तशीच राहू दिली. आणि इथेच माझी दुसरी चूक झाली. मी अंकिताला यातलं काहीच सांगितलं नाही. एक म्हणजे ती घाबरली असती. दुसरं म्हणजे रेघेचं कळलं असतं. ती सरळ माणूस आहे. तिने मला पुनर्वसनमध्ये जाऊन माफी मागायला लावली असती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात थोडी सर आली. आम्ही उरलेल्या शेतात पुन्हा सरकी टोबायला घेतली. भागीरथाबाई तीन दिवस आली नव्हती. तिला ताप भरला होता, असं बायकांकडून कळलं.

तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेबारा झाले असतील.

आभाळ भरून आलं म्हणून बायकांना लवकर सोडलं. त्यांना नेणारा ऑटो रस्त्यावर येऊन उभा होता. बायका गेल्या. अंकिता सरकीच्या पिशव्या आणि पाण्याची कॅन गोळा करत पूर्वेच्या कोपऱ्याकडे होती. मी शंभरेक पावलांवर ट्रॅक्टरचं चाक बघत होतो.

ऑटोचा आवाज लांब गेला.

मग शेतात काहीच आवाज नव्हता. पाखरूही नाही.

आणि मला अंकिताचा आवाज आला. मोठ्याने, रस्त्यापर्यंत जावा असा.

"हो जी! चढले सारे!"

तिला कुणीतरी विचारलं होतं. प्रश्न मला ऐकू आला नाही. पिशव्या गोळा करण्याच्या नादात ऑटो गेल्याचं तिला कळलं नव्हतं; तिला वाटलं ऑटोवालाच विचारतोय.

मी पाना टाकून उठलो.

"अंकिता! बाहेर निंग तिथून!"

ती माझ्याकडे वळली. ती त्या मोकळ्या जागेत उभी होती. बरोबर दारात.

मग तो आवाज आला... कालव्याचं गेट उघडल्यावर येतो तसा. खालून. जमिनीच्या आतून.

मी धावलो. धावताना पाहत होतो, ती खाली जात होती. आधी गुडघे. मग कंबर. ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं पण आवाज नव्हता. तिच्याभोवतीचा गाळ पातळ होऊन हलत होता आणि कपाशीची रोपं एकेक करून आत जात होती.

एक फूट गाळ होता तो. मी स्वतः पसरलेला. त्याखाली मुरूम. कुदळ मारली तर ठिणगी उडेल असा.

माझी बायको त्यात छातीपर्यंत गेली होती.

मी बांधावर पालथा पडलो आणि तिचे दोन्ही हात धरले. ओढलं. ती वर येईना. पुन्हा ओढलं. तिची मान मागे पडली, गाळ हनुवटीपर्यंत आला. मी काय काय ओरडलो मला आठवत नाही. भागीरथाबाईचं नाव घेतलं एवढं आठवतं. लहानूबाबा, माझी चूक आहे, तिची नाही, असंही म्हणालो.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकदम ती सुटली. मी मागे पडलो आणि ती माझ्या अंगावर.

तिच्या तोंडातून पाणी आलं. गढूळ, शेवाळाच्या वासाचं. धरणाचं.

मी तिला उचलून ट्रॅक्टरवर टाकलं आणि देवळीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती श्वास घेऊ लागली होती. डॉक्टर म्हणाले, विहिरीत पडल्या होत्या का? मी म्हणालो, हो.

दोन दिवसांनी ती घरी आली. दरम्यान कळलं, की भागीरथाबाई गेली.

त्याच दुपारी.

तिची नात प्रेरणा घरी होती. तिने मला स्वतः सांगितलं. आजी तीन दिवस उठली नव्हती. साडेबारा-पाऊणच्या सुमाराला ती खाटेवर उठून बसली. तोंडावर हसू होतं. प्रेरणाला म्हणाली, "दार उघड वं. त्याइचे हात रिकामे नाईत."

प्रेरणाने दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. पाऊस सुरू झाला होता.

ती मागे वळली तोपर्यंत आजी गेलेली होती.

भागीरथाबाईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला उठले. मी मधुकरला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने मारलं असतं तरी मी मार खाल्ला असता.

तो बोटातली अंगठी फिरवत राहिला.

"मी दहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "त्या ट्रकातच होतो. आई वरडून राह्यली होती आन् मी तिचं लुगडं धरून बसलो होतो. मले वाटलं, हे उतरली त मीबी मांगं राहीन. म्हनून धरून ठेवलं." मग म्हणाला, "चाल. माती दाखव."

आम्ही शेतात गेलो. त्याने रुमालात दोन मुठी गाळ बांधून घेतला. आईच्या राखेत मिसळणार होता. मला माफ केलं की नाही, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

तो गेल्यावर मी लोखंडी सब्बल घेऊन त्या चौकोनात ठिकठिकाणी मारून पाहिली. सगळीकडे एक फुटावर मुरूम लागला. टणक. खड्डा नाही, भेग नाही, ओल नाही. त्या दिवसानंतर तिथे कुणी खाकरलं नाही. कपाशी मात्र आठवड्याभरात जळून गेली.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

अंकिता बरी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रेघेबद्दल चार दिवस माझ्याशी बोलली नाही, ते मी समजू शकतो. मग एक दिवस स्वतःहून म्हणाली, "तुम्ही त्यांना उगाच दोष देऊन राह्यले."

"कोनाले?"

"लहानूबाबांना. खाली माझे पाय कुठंच टेकत नव्हते. मी संपले होते. मग कुणीतरी माझ्या तळपायांखाली हात लावले आणि वर ढकललं. म्हाताऱ्या माणसाचे हात होते. खरखरीत."

ती हे शांतपणे सांगते. कधीही विचारा, शब्दही बदलत नाही.

पण तिचे हात माझ्या हातात होते. मी पूर्ण जोर लावून वर ओढत होतो. आणि मला जे जाणवलं ते मलाच माहीत आहे.

खालून ओढ होती. माझ्याएवढ्याच जोराची.

आम्ही दोघंही खोटं बोलत नाही.

मग खाली एकच माणूस होता का?

यंदा धरण काठोकाठ भरलं आहे. कालव्याला पाणी सुटलंय. बाबा म्हणतात, पूर्वेचा कोपरा पडीक का ठेवतोस? अंकिताही म्हणते, आपण दोघं मिळून तिथे पेरू, त्यांना बरं वाटेल. ती दुपारची एकटी तिथे जाऊन बांधावर बसते. मी रोज काहीतरी काम काढून तिला परत बोलावतो.

काल बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "येते, थांबा जरासक."

पण ते ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही.